घेतलेले रोप पुन्हा विकता येते का?
संरक्षित वाणांचे करार आणि आपला व्यापार

पेरणीचा हंगाम जवळ आला की बियाण्याच्या दुकानांतून आणि रोपवाटिकांतून छापील कागद फिरू लागतात. कुठे तो पिशवीच्या पाठीवर बारीक अक्षरांत असतो, कुठे स्टँपपेपरवर टंकलिखित असतो. मजकूर साधारण एकच: या वाणाचे बियाणे, रोप किंवा कलम पुन्हा तयार करून विकू नये, विकल्यास अमुक लाख रुपये दंड भरावा लागेल आणि दावा अमुक शहरातील कोर्टातच चालेल. बहुतेक व्यापारी बांधव तो न वाचताच सही करतात. पुढे नोटीस आली की एकाची झोप उडते, तर दुसरा तो कागद कचऱ्यात टाकून मोकळा होतो. दोघांचेही वागणे नुकसानीचे आहे.

धर्माबाद ही लाल मिरचीची नावाजलेली बाजारपेठ आहे आणि गाव तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. माल, बियाणे आणि रोपे दोन्ही बाजूंनी ये-जा करतात. आडत दुकानदार, बियाणे विक्रेते, फळबागांचे सौदे करणारे बागवान, नागवेलीचे बेणे देणारे-घेणारे तांबोळी आणि रोजंदारीवर कलमे बांधणारे कारागीर, असे आपले अनेक बांधव या साखळीत आहेत. म्हणून हा विषय जरा सविस्तर समजून घेतला पाहिजे.

थोडक्यात उत्तर असे की पुनर्विक्रीवर बंदी घालणारी प्रत्येक अट बंधनकारक नसते आणि प्रत्येक अट रद्दबातलही नसते. अट कोणावर घातली आहे, कशावर घातली आहे आणि किती काळासाठी घातली आहे, या तीन प्रश्नांवर सारे अवलंबून असते.

करार वेगळा, हक्क वेगळा

प्रथम दोन गोष्टींतील फरक ध्यानात घ्यावा. करार हा सही करणाऱ्या दोन पक्षांनाच बांधतो. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे दोघांची राजीखुशी, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश असेल तर करार अंमलात आणता येतो. परंतु ज्याने सही केलेली नाही अशा तिसऱ्या माणसाला तो करार दाखवून अडवता येत नाही. कंपनीने दुकानदाराशी केलेली अट दुकानदाराच्या गिऱ्हाइकाला आपोआप लागू होत नाही.

नोंदणीकृत हक्काचे तसे नाही. तो सर्वांविरुद्ध चालतो, कागदावर सही असो वा नसो. आपल्या देशात वनस्पतींच्या बाबतीत असा हक्क देणारा कायदा म्हणजे 'वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१'. त्यासाठीचे प्राधिकरण नोव्हेंबर २००५ मध्ये स्थापन झाले व त्याचे मुख्यालय दिल्लीत आहे. नवा, वेगळा, एकसारखा आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा वाण तयार करणाऱ्याला तेथे नोंदणी करता येते. नोंदणी झाली की कलम २८ प्रमाणे त्या वाणाचे उत्पादन, विक्री, वितरण, आयात आणि निर्यात यांचा एकाधिकार पैदासकाराला किंवा त्याच्या परवानाधारकाला मिळतो. झाडे व वेलींसाठी ही मुदत जास्तीत जास्त १८ वर्षे आणि इतर पिकांसाठी १५ वर्षे आहे. मुदत संपली की वाण सर्वांसाठी मोकळा होतो.

हा हक्क फक्त मोठ्या कंपन्यांसाठी आहे असेही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचेच एक खेडे आहे. तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवड पद्धतीने धानाचा 'एचएमटी' वाण तयार केला. त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळावरून त्याला हे नाव मिळाले. बियाणे हातोहात चहूकडे पसरले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' प्रसारित केला तेव्हा दादाजींच्या पदरी मात्र श्रेय पडले नाही. नव्या कायद्याखाली २०१२ मध्ये एचएमटीची नोंद शेतकऱ्याचा वाण म्हणून दादाजींच्या नावे झाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. हक्काची नोंद वेळेवर झाली नाही तर मेहनत एकाची आणि नाव दुसऱ्याचे असे होते, हा धडा येथे मिळतो.

शेतकऱ्यावर घातलेली बंदी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. २००१ च्या कायद्याचे कलम ३९ शेतकऱ्यांसाठी आहे. त्याप्रमाणे संरक्षित वाणाचे बियाणेसुद्धा शेतकऱ्याला साठवता, वापरता, पेरता, पुन्हा पेरता, अदलाबदल करता, वाटता आणि विकता येते. कायदा येण्यापूर्वी त्याला जो अधिकार होता तोच पुढे चालू राहतो. मर्यादा एकच आहे. त्याने 'ब्रँडेड' बियाणे विकू नये, म्हणजे पिशवीत किंवा डब्यात भरून, अमुक संरक्षित वाणाचे असे लेबल लावून विकू नये. या कायद्यात 'बियाणे' शब्दाची व्याख्याही व्यापक आहे. ज्यापासून मूळ जातीसारखेच झाड उगवते असा लागवडीचा कोणताही भाग तिच्यात बसतो. म्हणून बेणे आणि कलमांचा विचारही याच नियमाखाली होतो.

मग कंपनीने शेतकऱ्याकडून 'घरचे बियाणे ठेवणार नाही, कोणास देणार नाही' असे लिहून घेतले तर? करार कायद्याचे कलम २३ सांगते की ज्या कराराचा उद्देश कायद्याने मना केलेला आहे, किंवा जो अंमलात आणल्यास एखाद्या कायद्याची तरतूदच निष्फळ होईल, तो करार रद्दबातल समजावा. शिवाय २००१ च्या कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे या कायद्याशी विसंगत असलेल्या इतर कायद्यांवर व त्यांच्या आधारे चालणाऱ्या दस्तऐवजांवर हाच कायदा वरचढ ठरतो. ही दोन कलमे एकत्र वाचली तर शेतकऱ्याचा कलम ३९ चा हक्क कायमचा काढून घेणारी छापील अट कोर्टात टिकणे कठीण आहे. कंपन्यांचा युक्तिवाद असा की स्वतःच्या फायद्याचा हक्क माणूस खुशीने सोडू शकतो. परंतु जो हक्क संसदेने एका व्यक्तीसाठी नव्हे तर साऱ्या शेतकरी वर्गाच्या हितासाठी दिला, तो छापील कागदाने सोडवून घेता येत नाही, हे उत्तर त्यावर भक्कम आहे.

गुजरातचे बटाटा प्रकरण या बाबतीत वाचनीय आहे. पेप्सिको कंपनीने चिप्ससाठी वापरला जाणारा 'एफएल २०२७' हा बटाट्याचा वाण २०१६ मध्ये नोंदवला होता. कंपनीशी करार असलेले शेतकरी तो लावत. करार नसलेल्या काही शेतकऱ्यांनीही तो लावला म्हणून एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने त्यांच्यावर दावे लावले. चौघांकडून तर प्रत्येकी एक कोटीहून अधिक रुपयांची भरपाई मागितली. देशभर गदारोळ झाला आणि मे २०१९ मध्ये कंपनीने दावे मागे घेतले. म्हणजे त्या दाव्यांत कलम ३९ वर निकाल लागलाच नाही. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणीच रद्द केली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एक-सदस्यीय पीठाने ते कायम ठेवले, पण जानेवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला. हा शेवटचा निकाल कंपनीच्या नोंदणीपुरता आहे. त्याने शेतकऱ्याचा बियाणे ठेवण्याचा हक्क काढून घेतलेला नाही.

येथे एक व्यवहारी गोष्ट सांगितली पाहिजे. संकरित मिरची किंवा कपाशीच्या बाबतीत हा हक्क कागदावर असला तरी शेतात उपयोगी पडत नाही, कारण संकरित पिकाचे बी पुढच्या वर्षी मूळ गुणाचे उगवत नाही. सोयाबीनसारख्या सरळ वाणात मात्र घरच्या बियाण्याला खरी किंमत आहे.

व्यापाऱ्याची बाजू मात्र वेगळी

वरील सवलत वाचून पुष्कळ दुकानदार समजतात की आपणही मोकळे झालो. हा गैरसमज महागात पडेल. कलम ३९ चा हक्क शेतकऱ्याचा आहे, व्यापाऱ्याचा नाही. शेतकऱ्याकडून संरक्षित वाणाचे सोयाबीन घेऊन ते चाळून, पिशवीत भरून पेरणीसाठी विकणारा दुकानदार थेट कलम २८ च्या एकाधिकारावर पाय देतो. त्याने कोणताही करार केला नसला तरी त्याच्यावर दावा होऊ शकतो. न कळत झालेल्या उल्लंघनाला कलम ४२ ने माफी दिली आहे, पण तीही शेतकऱ्यालाच. 'मला माहीत नव्हते' हे उत्तर दुकानदाराला त्या कलमाचे छत्र मिळवून देत नाही.

बियाणे अधिनियम, १९६६ मध्येही हाच भेद आहे. स्वतः पिकवलेले बियाणे शेतकऱ्याने आपल्या जागेवरून दुसऱ्याला पेरणीसाठी थेट दिले तर कलम २४ प्रमाणे तो कायदा लागू होत नाही. पण बियाण्याचा धंदा करणाऱ्याला बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ प्रमाणे परवाना लागतोच. फळझाडांच्या रोपवाटिकेसाठी महाराष्ट्रात १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. म्हणून पुनर्विक्रीच्या करारातून सुटलो तरी परवान्याच्या कायद्यातून सुटका नाही. शासनाची मंजुरी नसलेले जनुकीय बियाणे सीमेपलीकडून आणून विकण्याचा तर प्रश्नच निराळा आहे. तेथे करार असो वा नसो, व्यवहारच बेकायदेशीर आहे.

मग व्यापाऱ्याला काहीच विकता येत नाही का? तसेही नाही. कंपनीची सीलबंद पिशवी मोल देऊन घेतली आणि परवान्यानिशी तशीच पुढे विकली, तर ती मालाची साधी पुनर्विक्री झाली. पिशवीतील बी पेरून त्याचीच रोपे विकली तरी एका बियापासून एकच रोप झाले; नवे बियाणे तयार झाले नाही. परंतु त्या रोपापासून बी धरून किंवा शंभर कलमे बांधून विकली, तर ती नव्या मालाची निर्मिती झाली. पैदासकाराच्या हक्काचा खरा गाभा या निर्मितीत आहे. खाण्यासाठी, दळण्यासाठी किंवा तेल काढण्यासाठी माल विकणे हेही पेरणीसाठी विकण्याहून वेगळे आहे. वाळलेल्या मिरचीच्या पोत्याचा सौदा हा मसाल्याचा सौदा आहे. त्याच मिरचीचे बी काढून पुडीत भरून विकणे हा बियाण्याचा धंदा आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये हाच फरक अधोरेखित केला. इंडियाना राज्यातील बोमन या शेतकऱ्याने धान्य कोठारातून सोयाबीन विकत घेऊन पेरले. त्यात मोन्सॅन्टो कंपनीचे पेटंट असलेला गुण होता. न्यायालयाने एकमताने म्हटले की विकत घेतलेला दाणा खा किंवा विका, पण त्यापासून नवे दाणे तयार करण्याची मोकळीक विक्रीबरोबर मिळत नाही. आपल्याकडे कायदा शेतकऱ्याला अधिक अनुकूल आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) प्रमाणे वनस्पती, बियाणे आणि वाण यांना पेटंटच मिळत नाही. मात्र बियाण्यात घातलेल्या जनुकाचे काय, हा वाद बीटी कपाशीवरून मोन्सॅन्टो आणि नुझिवीडू कंपन्यांत दिल्लीपर्यंत गेला. एप्रिल २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पेटंट अवैध ठरवले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारून पूर्ण पुराव्यानिशी खटला चालवण्यास सांगितले. पुढे २०२१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात तडजोड केली. त्यामुळे 'पेटंट आहे' एवढा शब्द ऐकून घाबरू नये आणि बेफिकीरही राहू नये. नंबर आणि तारीख मागावी.

मुदतीच्या आतील अट आणि नंतरची अट

करार कायद्याचे कलम २७ सांगते की कायदेशीर धंदा करण्यास माणसाला मज्जाव करणारा करार तेवढ्या प्रमाणात रद्दबातल आहे. याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याने २००० साली एका जाहिरात व्यवस्थापन कंपनीशी तीन वर्षांचा करार केला होता. मुदत संपल्यावरही दुसऱ्या कंपनीकडे जाण्याआधी आपल्याला पहिली संधी द्यावी, अशी अट कंपनीने त्यात घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ठरवले की करार संपल्यानंतर माणसाचे हात बांधणारी अशी अट चालणार नाही. त्याउलट, करार चालू असतानाची बंधने साधारणपणे वैध धरली जातात. १९९५ च्या कोका-कोला व गुजरात बॉटलिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले होते.

हा नियम आपल्या धंद्याला लावून पाहा. अधिकृत विक्रेता म्हणून तुम्ही तीन वर्षांचा करार केला आणि त्या काळात ठरलेल्या भागाबाहेर माल विकणार नाही किंवा रोपांपासून कलमे बांधणार नाही असे कबूल केले, तर ती अट पाळावी लागेल. पण करार संपल्यावर दुसऱ्या कंपनीची रोपे विकायची नाहीत, असे लिहिले असेल तर ती अट टिकणार नाही. मात्र संरक्षित वाणाची कलमे बांधून विकण्याची मनाई करार संपल्यावरही राहते, कारण ती करारातून नव्हे तर नोंदणीकृत हक्कातून आलेली असते. वाणाची नोंदणीच नसेल तर मात्र कंपनीच्या हाती फक्त करार उरतो, आणि करार संपला की मनाईही संपते.

दंड आणि कोर्टाची अट

दहा लाख रुपये दंड असे छापले म्हणून दहा लाख द्यावेच लागतात असे नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाई देते. छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते. हैदराबादच्याच कोर्टात दावा चालेल, ही अट मात्र बहुधा टिकते, जर त्या कोर्टाला मुळात अधिकार असेल तर. कोर्टात जाण्याचा मार्गच बंद करणारी अट कलम २८ प्रमाणे रद्दबातल आहे. संरक्षित वाणाच्या हक्काचा दावा जिल्हा न्यायालयापेक्षा खालच्या कोर्टात दाखल होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तालुक्याच्या कोर्टातून अशी नोटीस आली तर वकिलाला प्रथम हीच गोष्ट तपासायला सांगावी.

बंदीच्या कागदावर सही केली म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही. बियाणे कंपनीने सांगितलेले गुण दिसले नाहीत तर शेतकऱ्याला कलम ३९(२) प्रमाणे प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. ग्राहक मंचातही जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये आंध्रच्या शेतकऱ्यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

दीनचा दृष्टिकोन

आपल्यासाठी हा केवळ कोर्टाचा मामला नाही. सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत केलेले करार पूर्ण करण्याचा आदेश आहे आणि सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून साक्षीदार ठेवण्याची शिकवण आहे. म्हणून सही करून मग पळवाट शोधणे मुसलमान व्यापाऱ्याला शोभत नाही. त्याचबरोबर उलेमांनी अटींची मर्यादाही सांगितली आहे: हलालला हराम किंवा हरामला हलाल करणारी अट बंधनकारक नसते. दुसऱ्याच्या संशोधनाच्या हक्काबाबत जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मधील कुवेतच्या अधिवेशनात निर्णय दिला की शोध, लेखन आणि व्यापारी नाव यांवरील हक्क शरीअतमध्ये मान्य आहेत आणि त्यांवर आक्रमण करू नये. दुसऱ्याच्या नावाची पुडी छापून विकणे ही कायद्याच्या दृष्टीने चोरी आणि दीनच्या दृष्टीने धोकेबाजी आहे. त्या कमाईत बरकत कुठून येणार?

सही करण्यापूर्वी

शेवटी काही व्यवहारी सूचना. पहिली, कागद आपल्याला समजेल अशा भाषेत वाचून घ्यावा आणि त्याची प्रत घेतल्याशिवाय सही करू नये. दुसरी, वाण 'संरक्षित' आहे असे सांगणाऱ्याकडून नोंदणी क्रमांक, तारीख आणि मुदत लिहून घ्यावी; नुसत्या 'कंपनीचा वाण' या शब्दाला अर्थ नाही. तिसरी, बंदी नेमकी कशावर आहे ते पाहावे: पिशवीच्या पुनर्विक्रीवर, नव्या बियाण्यावर की खाण्याच्या मालावर. चौथी, करार संपल्यावरही चालणारी अट दिसली तर ती खोडून दोघांनी तेथे सही करावी. पाचवी, पावती, लॉट क्रमांक आणि रिकामी पिशवी हंगाम संपेपर्यंत जपावी. सहावी, शेतकऱ्याने पुरवलेल्या मालावर आपण लेबल लावू नये.

कलमे बांधणाऱ्या कारागिरांसाठी एक वेगळी गोष्ट. मालक सांगतो म्हणून हजारो कलमे बांधायची आणि पुढे दाव्यात आपले नाव यायचे, असे होऊ नये. काम घेताना मालकाकडे त्या वाणाचा परवाना आहे का हे विचारावे आणि वाणाची जबाबदारी मालकाची राहील एवढी एक ओळ लिहून घ्यावी. मजुरीचा दर ठरवताना जितकी घासाघीस करतो, तितकीच काळजी या एका ओळीसाठी घेतली तर हात चालू राहतील आणि रोजीही निर्वेध राहील.